डाव्या मडगार्डवरचा पोचा

गेल्या वर्षी जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात माझ्या भावाने शोरूमवाल्याचा जबडा मोडला, तेव्हा मी आमच्या गाडीमागे खुर्ची टाकून सँडविच खात होते. सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला आणि मान वळवायच्या आधीच मला कळलं, हे आमच्या ठोक्याचं काम. हातातलं सँडविच तसंच धरून मी धावले. तोवर शोरूमवाला गवतावर आडवा, तोंड वाकडं, शर्टाची पुढची बाजू लाल, आणि आमचे बंधुराज त्याच्या छातीवर वाकून विचारतायत, "अजून बोलायचंय काही?" तो काय बोलणार. जबडा हलला तर बोलणार ना.

ठोक्या हे त्याचं नाव नाही, पण त्याचं खरं नाव आता आम्हा दोघांनाच माहीत आहे. तो डेंटर आहे, चेपलेल्या गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करतो, म्हणून ठोक्या. माणसंही ठोकतो, म्हणून ते नाव जास्तच चिकटलं. मी त्याची थोरली बहीण. शाळेची बस चालवते. रोज बसभर पोरांच्या कलकलाटात गाडी हाकायची म्हणजे आवाज चढाच लागतो, आणि तो घरी आल्यावर उतरत नाही. मला एक नवरा होता. त्याबद्दल पुन्हा कधीतरी, किंवा कधीच नाही.

शोरूमवाला बोलला काय होता? तो लोकांनी घरी राबून उभ्या केलेल्या जुन्या गाड्या विकत घेतो आणि स्वतःच्या म्हणून मिरवतो. आमची त्याला हवी होती. ठोक्या नाही म्हणाला, तेव्हा हा म्हणाला, "तुझा बापही असलाच अडेलतट्टू. आयुष्यभर पत्रे बडवले आणि पत्र्याखालीच मेला." बस्स, एवढंच. ज्या बापाने ठोक्याला फॅनबेल्टने फोडून काढलं, त्या बापाचा अपमान झाला म्हणून हा तुरुंगात जायला निघाला. आता अशा माणसाला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

तो आत गेलाच. मी जामीन राहिले, तेव्हा सुटला. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघत सांगितलं, "खटला संपेपर्यंत तुमच्याविरुद्ध एक जरी तक्रार आली, तरी जामीन रद्द. मग इथे येऊन रडायचं नाही." ठोक्याने मान हलवली. मी त्याच्या दंडाला धरून उभी होते. आत जे काही झालं ते त्याने मला सांगितलं नाही. पण घरी आल्यापासून तो दिवा लावूनच झोपायचा, आणि जेवताना ताटाभोवती हात धरून बसायचा. अजूनही बसतो. आणखी एकदा आत गेला तर तो माणूस म्हणून परत येणार नाही, हे मला शपथेवर सांगता आलं असतं.

मग या वर्षी पुन्हा प्रदर्शनात कशाला गेलात, असं शेजारपाजारचे विचारतात. सोपं आहे बोलायला. त्याला घरात कोंडून ठेवलं तर तो भिंतींना भिडायचा. स्वयंपाकघराच्या दाराला पडलेलं भोक त्याच्या मुठीचं आहे. हात शांत राहतात ते फक्त त्या गाडीपाशी. म्हणून मीच माझ्या नावावर प्रवेश घेतला आणि त्याला बजावलं, "गाडीशेजारी उभं राहायचं. हात खिशात. कुणी आईवरून बोलो, बापावरून बोलो, हात खिशात. बोलायचं काम माझं."

"आणि तू मारामारी केलीस तर?" तो म्हणाला.

"माझ्या जामिनाचं माझं मी बघीन."

तो हसला. बऱ्याच महिन्यांनी हसला, म्हणून लक्षात राहिलं.

गाडीबद्दल सांगते. दोनच माणसं बसतील अशी, बुटकी, लांब नाकाची, शर्यतीत पळायला बनवलेली. भंगारवाल्याकडे सापडली तेव्हा तिचं नाक झाडाला धडकून डाव्या बाजूने आत गेलं होतं आणि डावं मडगार्ड जागेवर नव्हतंच. ते बाजारात कुठेच मिळत नाही. ठोक्याने ते कोऱ्या पत्र्यातून घडवलं. दिव्याच्या वर पत्रा दोन्हीकडून वळतो, ती जागा जमली की बाकीचं सोपं, असं तो म्हणतो. ती जमायला एक अख्खा हिवाळा गेला.

हे काम एकट्याने होत नाही. एकाने बाहेरून हातोडी मारायची, दुसऱ्याने पत्र्याच्या मागे बरोबर त्याच जागी लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. धरणाऱ्याला हातोडी दिसत नाही, मारणाऱ्याला ठोकळा दिसत नाही. सगळं आवाजावर चालतं. ठोकळा जागेवर असला की टण्ण. सरकला असला की थड्, आणि पत्रा आत बसतो. मारणारा ठोक्या, धरणारी मी. लहानपणापासून हेच. बाबांच्या गॅरेजमध्ये मी मडगार्डच्या पोटात शिरून ठोकळा धरायचे, बाहेर ठोक्या मारायचा, आणि बाबा फॅनबेल्ट हातात गुंडाळून मागे उभे.

थड् झालं की पट्टा बसायचा. ठोकळा माझा सरकलेला असला तरी मार त्याला. पोरीवर हात टाकत नाही, हा बाबांचा मोठेपणा. मी पत्र्याच्या आत असायचे, मला दिसायचं काहीच नाही, फक्त ऐकू यायचं. आधी थड्, मग पट्टा. बाबांना मी कधी माफ केलं नाही आणि करणारही नाही. वारले तेव्हा लोक म्हणाले, पोरगी रडली नाही, धीराची आहे. धीर कसला, मला बरं वाटलं होतं.

ठोक्याच्या अंगात तो आवाज मुरलाय. आजही शेजारच्या गॅरेजमध्ये कुणाची हातोडी चुकीची पडली, की त्याचा डावा कोपर डोक्यावर जातो. मग तो कान खाजवल्यासारखं करतो. गिऱ्हाइकांना वाटतं, कान खाजतोय. मला माहीत आहे. माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

तर प्रदर्शन. मोठं मैदान, दोरी लावून केलेले चौकोन, प्रत्येक चौकोनात एक गाडी. आमचा गट घरी घडवलेल्या गाड्यांचा. त्यात एक नियम आहे, ज्या हत्यारांनी गाडी घडवली ती गाडीपुढे चादर अंथरून मांडायची, म्हणजे काम तुमचंच आहे हे दिसतं. आम्ही मांडली. हातोड्या, ठोकळा, कानशी, आणि ठोक्याचा तो हातभर लांबीचा पाना, ज्याने इंजिनाचे नट निघतात आणि माणसाचं डोकंही निघेल. तो पाना घरी ठेवायला हवा होता. पण त्याशिवाय चादर अपुरी दिसते म्हणाला, आणि मी ऐकलं.

परीक्षक म्हणजे कॉलेजातून निवृत्त झालेले एक सर. गळ्यात दोरी, दोरीला कापडात गुंडाळलेलं चुंबक. पत्रा नीट ठोकायचा कंटाळा आला की लोक खड्ड्यात लांबीचा लगदा भरतात, वर रंग फासतात आणि मोकळे होतात. चुंबक पत्र्याला चिकटतं, लांबीला चिकटत नाही. सरांनी डाव्या मडगार्डवर चुंबक टेकवलं. चिकटलं. दिव्याच्या वरच्या वळणावर टेकवलं. तिथेही चिकटलं. सरांनी आ वासला. "इथेसुद्धा लांबी नाही? हे ठोकलंय कुणी?"

"याने," मी म्हटलं. "मागून मी धरलंय."

ठोक्या हात खिशात घालून आकाशाकडे बघत होता. कान लाल झाले होते. मला वाटलं, चला, एवढ्यासाठी आलो होतो, आता जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात शोरूमवाला आला. हनुवटी अजून थोडी एका बाजूला, बोलताना ओठांच्या एकाच कोपऱ्यातून शब्द बाहेर यायचे. बरोबर त्याचा ड्रायव्हर आणि मेहुणा. मेहुण्याने मोबाईल छातीशी उभा धरला होता. ते पाहिलं आणि मला कळलं. हा भांडायला आला नव्हता. हा मार खायला आला होता. एक फटका, त्याची चित्रफीत, एक तक्रार, आणि आमचा ठोक्या आत.

"काय ठोकेसाहेब," तो म्हणाला, "लांबीचे डबे किती लागले?"

"शेठ, सरांनी तपासलंय," मी मध्ये उभी राहिले. "पुढे व्हा."

"चुंबकाला काय कळतं, ताई. आत काय आहे ते बघायला नको?"

त्याने ड्रायव्हरकडे बघून मान हलवली. ड्रायव्हरच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. त्याने तो मडगार्डच्या टोकाला टेकवला आणि दारापर्यंत ओढत नेला. रंग सोलून निघाला. आवाज असा की पलीकडच्या चौकोनातल्या बाईने कानावर हात घेतले. हिरव्या रंगाखालून चकचकीत पत्र्याची रेघ वर आली, दिव्याच्या त्या वळणावरून थेट खाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मीच त्या ड्रायव्हरचा गळा धरणार होते. पण मला आधी मागे बघायचं होतं, आणि मागे वळले तेव्हा ठोक्याचे हात खिशात नव्हते.

"मार," शोरूमवाला हळू आवाजात म्हणाला. "मार ना. बापाने एवढं तरी शिकवलं असेल."

ठोक्याने चादरीवरचा पाना उचलला. ड्रायव्हर मध्ये आला, त्याला त्याने पडदा सारावा तसं बाजूला सारलं. शोरूमवाल्याचा अंदाज चुकला होता. त्याने एका ठोशाचा हिशोब केला होता, पान्याचा नाही. ठोक्याच्या चेहऱ्यावर राग असता तर तो कदाचित घाबरला नसता. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तो मागे सरला, दोरीत पाय अडकला आणि पाठीवर पडला. "अरे, अरे," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. ठोक्या त्याच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून उभा राहिला.

मी ओरडले. बसमधली सगळी पोरं एका दमात गप्प होतात, त्या आवाजात ओरडले. त्याला ऐकूच गेलं नाही. मी मागून त्याचा शर्ट धरून ओढला, तर त्याचा कोपर मागे आला आणि माझ्या तोंडावर बसला. वरचा दात तुटून जिभेवर आला. त्याला कळलंही नाही की ती मी होते. मी रक्त थुंकले. सर कोपऱ्यात उभे राहून "अहो थांबवा, कुणीतरी थांबवा" म्हणत होते. लोक दोरीपाशी गोळा झाले होते, पण आत कुणी येईना. पाना डोक्याच्या वर गेला.

ठोकळा धरणाऱ्याला एक गोष्ट कळते. मारणारा हात कुठल्या क्षणी खाली येणार, ते त्याच्या श्वासावरून कळतं. ठोक्या मारायच्या आधी श्वास आत घेतो. त्याने श्वास आत घेतला.

मी चादरीवरची हातोडी उचलली आणि आमच्या गाडीच्या डाव्या मडगार्डवर, दिव्याच्या वर, जिथे एक अख्खा हिवाळा गेला होता त्या जागी, सगळ्या ताकदीने मारली. मागे ठोकळा नव्हता.

थड्.

ठोक्याचा डावा कोपर डोक्यावर गेला. पाना हातातून निसटून शोरूमवाल्याच्या कानाशेजारी गवतात पडला. ठोक्या खाली बसला. एवढा मोठा माणूस, गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही हात डोक्यावर, सगळ्या मैदानासमोर. तो वाट बघत होता. कशाची ते मला माहीत होतं.

मग शोरूमवाला उठला. आधी त्याला कळेना काय झालं. मग त्याने खाली पाहिलं, आणि जीव वाचल्यावर भित्र्या माणसाला जी मस्ती येते ती त्याला आली. त्याने ठोक्याच्या बरगडीत लाथ घातली. ठोक्या हलला नाही. दुसरी घातली. तिसरी पाठीत, चौथी मानेवर. ठोक्याने साधं वळूनही पाहिलं नाही, नुसता आणखी आवळून बसला. मेहुण्याला मोबाईल बंद करायचं भानच राहिलं नाही.

आणि मी हातोडी घेऊन उभी होते. त्या माणसाच्या टाळक्यात ती घालायला मला दोन पावलं लागली असती. हात शिवशिवत होते. पण मेहुण्याचा मोबाईल मला दिसत होता, आणि प्रत्येक लाथ त्यात जात होती. ठोक्या मार खातोय, ठोक्या हात उचलत नाहीये, हे सगळं त्यात जात होतं. म्हणून मी थांबले. माझा भाऊ लाथा खात होता आणि मी जास्तीत जास्त लाथा मोबाईलमध्ये जाऊ देत होते. बाबांच्या वेळी मला दिसायचं नाही. त्या दिवशी सगळं दिसलं, आणि तरी मी तशीच उभी राहिले.

शेवटी लोकांनीच शोरूमवाल्याला ओढून बाजूला केलं.

पोलीस आले. हवालदाराने मेहुण्याचा मोबाईल मागून घेतला आणि उन्हाला पाठ करून सगळं पाहिलं. मग शोरूमवाल्याला म्हणाला, "शेठ, तक्रार तुम्ही करताय? यात तर तुम्हीच तुडवताय." शोरूमवाला पान्याबद्दल काहीतरी बोलायला लागला. हवालदार म्हणाला, "पाना लागला का तुम्हाला कुठे? मग?" शोरूमवाला तक्रार न करताच निघून गेला.

मग हवालदार माझ्याकडे वळला. "तुमच्या तोंडाला काय झालं?"

"गडबडीत गाडीवर आपटले."

"आणि हा पोचा?"

"मी मारला. गाडी माझ्या नावावर आहे."

"का मारला?"

"राग आला," मी म्हटलं. "येतो मला."

त्याने वहीत लिहून घेतलं आणि पुढे विचारलं नाही. सर मडगार्डपाशी वाकले होते. त्यांनी पोच्याच्या मधोमध चुंबक टेकवलं आणि ते चिकटलं. "इथेही लांबी नाही," ते स्वतःशीच म्हणाले. बक्षीस दुसऱ्या कुणाला तरी मिळालं. कुणाला ते मी बघितलं नाही.

ठोक्याच्या बरगड्या मोडल्या होत्या. डॉक्टरांनी छातीला पट्टा बांधला आणि काम करायचं नाही म्हणून सांगितलं. मी नवा दात बसवून घेतला. ठोक्या घरात असायचा, जेवायचा, पण माझ्याशी चकार शब्द बोलायचा नाही. माझ्या तोंडाकडे बघायचा आणि उठून जायचा. मला वाटलं, दाताचं वाईट वाटत असेल. मी दोनदा म्हटलं, "अरे जाऊ दे, तसाही किडकाच होता."

एका रविवारी सकाळी गॅरेजमधून खडखडाट ऐकू आला. जाऊन बघते तर त्याने छातीचा पट्टा काढून फेकला होता, गाडीचं डावं चाक उतरवलं होतं आणि हातोडी हातात घेऊन पोच्यापुढे बसला होता. माझ्याकडे न बघता त्याने पायाने ठोकळा माझ्या दिशेने सरकवला.

"बोल आधी," मी म्हटलं. "तोंडात मिठाची गुळणी धरून माझ्याकडून काम करून घ्यायचं नाही."

तो हातोडीचा दांडा चोळत राहिला. मग म्हणाला, "आत गेलो असतो तरी चाललं असतं."

"काय?"

"तो आवाज काढायला नको होतास. सगळ्यांसमोर." त्याने हातोडी मांडीवर ठेवली. "तुझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं ते, ताई. बाबा गेल्यावर मला वाटलं होतं, आता कुणी काढणार नाही."

मला रडू आलं आणि रडू आलं म्हणून राग आला. "मग काय करायला हवं होतं मी? त्याचं डोकं फुटलेलं बघत बसायचं होतं? तुला फाशीला जाऊ द्यायचं होतं?"

"शपथ घे. पुन्हा तसं करणार नाहीस."

"नाही घेणार," मी म्हटलं. "पुन्हा पाना उचललास तर पुन्हा करीन. शंभरदा करीन. तू माझं तोंड बघू नकोस, आयुष्यभर बोलू नकोस, पण बाहेर राहा. तू आत गेलास तर मी हा ठोकळा कुणासाठी धरू?"

त्याने वर पाहिलं. डोळे लाल, नाकपुड्या फुगलेल्या. असा चेहरा मी त्याचा पाहिला होता, शोरूमवाल्याच्या छातीवर वाकला होता तेव्हा.

"धर," तो म्हणाला.

मी चाकाच्या जागेतून आत हात घातला. तिथून काही दिसत नाही. पोच्याचा फुगवटा बोटांना लागला, त्याच्यामागे मी ठोकळा दाबला. ठोकळा लहान असतो, बोटं त्याच्याबाहेर राहतातच. पत्रा पातळ असतो. आतल्या बोटांचा चुरा करायचा असला तर हातोडी अर्धी वीत चुकवली की पुरते, आणि ती चुकून चुकली की मुद्दाम, हे जगात कुणालाही सांगता येत नाही. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

बाहेर त्याने श्वास आत घेतला. मी हात काढला नाही.

पहिला घाव इतका जोरात आला की खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. पत्र्याला एवढ्या जोराची गरज नव्हती. दुसराही तसाच. तो मारत होता आणि मारता मारता हुंदके देत होता, मोडक्या बरगड्यांनी मध्येच कण्हत होता, आणि मी आत दात आवळून ठोकळा एकेक बोट सरकवत होते. किती वेळ चाललं कोण जाणे. सगळे घाव ठोकळ्यावर बसले.